राखेच्या डोंगराचा डॉक्टर

आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीचा आहे हे आता शाळेतले पोरही सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला चिरा पडून लाव्हारस वाहिला, थरावर थर बसले आणि त्याचा सह्याद्री झाला. तोच दगड झिजून आपली काळी जमीन तयार झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात पाय निघणार नाही असा चिखल, ही तिची तऱ्हा तुम्हाला काही नवी नाही. पण ज्वालामुखीची जमीन म्हटली की सगळीकडे अशीच असणार, असे मात्र समजू नका. लाव्ह्याची जमीन वेगळी आणि राखेची वेगळी.

राख म्हणजे चुलीतली राख नव्हे बरं का. ज्वालामुखीच्या पोटात वितळलेला दगड असतो. वर येताना त्यातला वायू फुटतो, दगडाच्या चिंधड्या उडतात आणि हवेत गार होताना त्यांची काच बनते. पिठासारखी बारीक काच. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटावरच्या गालुंगगुंग डोंगराच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचे एक जम्बो विमान सापडले. राख इंजिनात वितळून चिकटली आणि चारही इंजिने बंद पडली. विमान बरेच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली म्हणून माणसे वाचली. इंजिन बंद पाडणारी हीच काच ऊन-पाऊस खाऊन काही पिढ्यांत कुजते आणि तिची जगातली नामांकित जमीन होते. जावात आज एवढी दाट वस्ती का, याचे एक मोठे कारण ही राख आहे. मोर नावाच्या डच मृदाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे दाखवून दिले. जिथे चुना आणि मॅग्नेशियम असलेली ताजी राख पडत राहते, तिथे माणसांची दाटी. जिथे ती पोहोचत नाही, तिथे विरळ वस्ती आणि फिरती शेती.

या मोर साहेबाच्या शंभर वर्षे आधी एक जर्मन डॉक्टर हे डोंगर पायाखाली घालत होता. त्याचे नाव फ्रान्ट्स विल्हेल्म युंगहून. जावात आणि हॉलंडात त्याला ओळखत नाही असा जंगलखात्याचा माणूस सापडणार नाही. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांनी हिवतापावर जी कडू कोयनेलची पुडी खाल्ली, तिच्या इतिहासात हा माणूस आहे. म्हणून त्याची हकीकत आज तुमच्यापुढे मांडतो.

किल्ल्यातून जावाला

युंगहूनचा जन्म २६ ऑक्टोबर १८०९ रोजी जर्मनीतल्या मान्सफेल्ड गावचा. बाप जुन्या पद्धतीचा शल्यवैद्य आणि कडक स्वभावाचा. पोराने डॉक्टरच व्हायचे असे घरात ठरलेले. पोराचे लक्ष मात्र रानात, झाडोऱ्यात, आणि त्यातही कशात म्हणाल तर अळंब्यांत. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवतात ती भूछत्रे तो गोळा करायचा, त्यांचे वर्णन लिहायचा. बापाशी त्याचे कधी पटले नाही.

विद्यार्थी असताना १८३० मध्ये त्याने पिस्तुलाचे द्वंद्व खेळले. त्या काळी मानापमानावरून तिकडची तरुण पोरे असले उद्योग करीत. कायद्याने तो गुन्हा होता. दहा वर्षे किल्ल्यात कैद, अशी शिक्षा झाली. कोब्लेन्झजवळच्या किल्ल्यात त्याला टाकले. तिथे गड्याने वेडाचे सोंग घेतले आणि १८३३ मध्ये पळ काढला. पळून जाणार कुठे? फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती झाला आणि थेट आफ्रिकेत, अल्जीरियात पोहोचला. तापाने खंगला तेव्हा पलटणीने सोडून दिले. पॅरिसमध्ये पेर्सून नावाचा बुरशीशास्त्रातला म्हातारा पंडित राहत होता, त्याला जाऊन भेटला. त्याने सल्ला दिला की डच सरकारला पूर्वेकडच्या बेटांवर पलटणीसाठी डॉक्टर हवे आहेत, तिकडे जा, तिथे तुझ्या मनाजोगते रान आहे. ऑक्टोबर १८३५ मध्ये युंगहून बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला उतरला. वय अवघे पंचवीस-सव्वीस.

नोकरी पलटणीच्या डॉक्टरची, पण मन दवाखान्यात रमेना. सुदैवाने फ्रित्से नावाचा त्याचा वरिष्ठ डॉक्टरही डोंगरवेडा निघाला. दोघे मिळून फिरले. १८३९ मध्ये फ्रित्से वारला. त्यानंतर सुमात्रा बेटावरच्या बाटक लोकांच्या मुलखात युंगहूनने दीड-एक वर्ष काढले आणि त्यावर पुस्तक लिहिले. मग पुन्हा जावा. १८४८ पर्यंत त्याने त्या बेटाचे बहुतेक सगळे ज्वालामुखी पाहिले, चढले, मोजले. उंची मोजायला वायुभारमापक बरोबर असे. तो काचेचा नाजूक नळा डोंगरावर चढवायचा म्हणजे काय दिव्य असेल, विचार करा. चढवत कोण होते? गावोगावचे हमाल. त्यांच्या खांद्यावर सामान, हातात कोयता, आणि साहेबाच्या आधी त्यांनी वाट तोडायची. पुस्तकावर नाव एकट्या युंगहूनचे आहे. मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक कोण धरतो हे तलाठी मंडळींना ठाऊक आहेच, म्हणून सांगितले.

प्रकृती ढासळली म्हणून १८४८ मध्ये तो हॉलंडला गेला. तिथे लग्न केले, डच नागरिकत्व घेतले आणि १८५० ते १८५४ या काळात जावावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेटाचे रूप, त्याची झाडी आणि त्याच्या पोटातले खडक, असे तिन्ही विषय त्यात आले. १८५५ मध्ये जावाचा मोठा नकाशाही निघाला. त्याच सुमारास धर्मावर टीका करणारे एक पुस्तक त्याने नाव न घालता छापले. त्यावर गदारोळ झाला आणि ऑस्ट्रियात तर त्यावर बंदी आली. ती कथा वेगळी. आपल्याला त्याचा डोंगर पाहायचा आहे.

डोंगराचे चार मजले

युंगहूनने जावाच्या डोंगराचे चार मजले पाडले. समुद्रापासून दोन हजार फुटांपर्यंत उष्ण पट्टा. इथे भात, नारळ, ऊस. दोन हजार ते साडेचार हजार फूट हा समशीतोष्ण पट्टा, कॉफीचा. साडेचार ते साडेसात हजार फूट हा थंड पट्टा, ढगात बुडालेला. ओक, रानचेस्टनट, तमालाच्या जातीची झाडे, आणि खोडाखोडावर शेवाळाचा गालिचा. त्यावर अतिथंड पट्टा. तिथे झाडे खुजी होतात, वाकडी होतात, आणि विवराजवळ गंधकाच्या धुरात तग धरणारी झुडपेच काय ती उरतात. आजही जावातल्या शाळांत हे चार पट्टे त्याच्या नावाने शिकवतात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर हवामानाचे झाले, मातीचे काय? इथेच खरी गंमत आहे. माती उंचीप्रमाणे बदलते, कारण राख तीच असली तरी ती कुजण्याचा वेग बदलतो. खाली उष्णता जास्त, पाऊस भरपूर. तिथे राखेतली काच लवकर कुजते, क्षार धुपून जातात आणि शेवटी तांबडी चिकण माती उरते. वर गारवा असतो. पालापाचोळा पडतो तो सावकाश कुजतो. कुजका पाला राखेतून सुटलेल्या ॲल्युमिनियमला चिकटला की जंतूंना तो सहजासहजी खाता येत नाही. वर्षानुवर्षे तो साठत जातो. त्यामुळे साडेचार हजार फुटांच्या वर रानातली माती काळीभोर, जाड आणि हलकी असते. त्याहून वर, विवराच्या जवळ, राखच भरड पडते. वाळूच म्हणा ना. तिथे माती अशी नसतेच.

आणखी एक. डोंगर पुन्हा पुन्हा पेटतो, म्हणून या उतारांची जमीन थराथराची असते. रस्त्यासाठी दरड कापली की वर काळा पट्टा, खाली पिवळसर राख, खाली पुन्हा काळा पट्टा, असे दिसते. खालचा काळा पट्टा म्हणजे कधीकाळी वरच उघडी असलेली, रान असलेली जमीन. राखेने ती गाडली आणि वर नवे रान उगवले. १८२२ मध्ये गालुंगगुंग फुटला तेव्हा गरम चिखलाचे लोंढे आले आणि चार हजारांहून जास्त माणसे मेली. युंगहूनने ती हकीकत आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. डोंगर मारतो आणि डोंगरच पोसतो, हे त्या लोकांना पुस्तकाशिवाय कळत होते.

ताज्या राखेवर पहिले कोण उगवते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्व जावाच्या उंच उतारांवर सुरूची एक जात आहे. तिला शास्त्रज्ञांनी युंगहूनचेच नाव दिले, कॅझुअरिना युंगहुनियाना. राखेत नत्र जवळजवळ नसते. ही सुरू मुळांवरच्या गाठींत सूक्ष्मजीव पाळते आणि हवेतला नत्र खेचते. वणव्यात जळाली तरी बुडापासून फुटते. आपल्या कोकण किनाऱ्यावरची सुरू तिची चुलत बहीण. दक्षिण भारतात या जावाच्या सुरूच्या संकरित रोपांची खांबासाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी लागवड होते.

हातात घेतली तर

ही माती हातात घेतली तर काय वाटेल? पहिल्यांदा वजनाने फसाल. एक लिटरचे माप आपल्या सुक्या काळ्या मातीने भरले तर सव्वा ते दीड किलो भरते. राखेच्या रानमातीने भरले तर अर्धा ते पाऊण किलो. शास्त्रज्ञ तर ०.९ पेक्षा कमी घनता ही या मातीची एक ओळखच मानतात. निम्म्याहून जास्त जागा पोकळीची. म्हणून पाऊस कितीही पडो, रान उभे असेतो पाणी वरून वाहत नाही, आत मुरते आणि खाली झऱ्याने निघते.

दुसरी खूण बोटांनी कळते. ओली माती चिमटीत दाबा. आधी घट्ट लागते, मग एकदम निसरडी होते, साबणासारखी. सोडली की पुन्हा घट्ट. याचे कारण तिच्यातला अलोफेन नावाचा पदार्थ. राखेची काच कुजून त्याचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे बनतात. त्या गोळ्यांच्या आतबाहेर पाणी धरलेले असते. दाबले की सुटते. आपल्या काळ्या मातीतली चिकण पापुद्र्यांची असते. ती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. अलोफेनची माती तशी भेगाळत नाही. पण एकदा उन्हात पुरती वाळली की तिची भुकटी होते आणि मग ती पहिल्यासारखे पाणी धरत नाही. गेलेला गुण परत येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट कृषी सहायकांनी वाचावी. ही माती स्फुरद गिळते. शंभर भाग घाला, पंच्याऐंशीहून जास्त भाग ती पकडून ठेवते आणि पिकाला देत नाही. आपल्याकडेही स्फुरद अडकतो, पण तो चुनखडीपायी. तिथे तो ॲल्युमिनियम आणि लोखंडापायी. मग रान एवढे घनदाट कसे? तर रान मातीकडे मागतच नाही. पडलेल्या पानातला स्फुरद मातीत जायच्या आत मुळे उचलतात, आणि त्या कामात मुळांवरची बुरशी मदत करते. मुळे आणि बुरशी यांच्या या भागीदारीला १८८५ मध्ये नाव मिळाले, युंगहून गेल्यावर वीस-एक वर्षांनी. अळंब्या गोळा करत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट कळली असती तर किती आनंद झाला असता!

मृदाशास्त्र नावाचे शास्त्रच त्याच्या हयातीत जन्मले नव्हते. या मातीला अँडोसोल हे नावही दुसऱ्या महायुद्धानंतरचे, जपानी शब्दांवरून, म्हणजे काळी माती. युंगहूनकडे अलोफेन नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. पण रान तोडले की झरे आटतात आणि हवा बदलते, हे त्याने पाहून लिहिले. त्या काळी डच सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी लावून घेत होते. कॉफीसाठी मधल्या पट्ट्यातले उंच रासमाला वृक्ष आडवे होत होते. लागवड वर वर सरकत होती. माथ्यावरचे रान राखा, असे सांगणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत युंगहून होता.

कोयनेलचे झाड

आता आला त्याच्या आयुष्यातला कसोटीचा भाग. इथे माझे त्याच्याविषयीचे मत थोडे कडवट होते.

हिवतापावर तेव्हा एकच औषध होते, सिंकोना झाडाच्या सालीतले कोयनेल. झाड दक्षिण अमेरिकेतले, अँडीज डोंगरातले. तिकडची सरकारे बी बाहेर जाऊ देत नव्हती. डच सरकारने हास्कार्ल नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाला गुपचूप पाठवले. तो १८५४ च्या अखेरीस रोपे-बी घेऊन जावात आला आणि गेडे डोंगराच्या उतारावर चिबोदास इथे ती लावली. १८५६ मध्ये हे काम युंगहूनकडे आले. त्याने जागा बदलली. बांडुंगच्या दक्षिणेला मलबार नावाचा डोंगर आहे. आपल्या मलबारशी नाव जुळते, एवढेच. तिथे, थंड पट्ट्यात, काळ्या राखेच्या रानमातीत त्याने सिंकोना नेला. जागेची निवड पहिल्या दर्जाची. त्या भागात सिंकोना पुढे ऐंशी वर्षे जगाला पुरून उरला.

चूक झाली ती दोन ठिकाणी. एक, सावली. अँडीजमध्ये सिंकोना रानात वाढतो, म्हणून त्याने तो जावाच्या दाट रानात, मोठ्या झाडांखाली लावला. माती थंड राहिली, ओली राहिली, पण रोपांना ऊन मिळेना आणि ती रेंगाळली. दुसरी चूक मोठी. हाताशी असलेल्या जातींपैकी एक फार जोमाने वाढत होती. तिला राज्यपाल पहुड यांच्या नावावरून पहुडियाना म्हणत. भरपूर बी, सहज रुजणारी, झपाट्याने वाढणारी. युंगहूनने तीच लाखोंनी वाढवली. सालीत कोयनेल मात्र नावाला. लंडनच्या हॉवर्डने सालीची परीक्षा करून तसे सांगितले. बोगोरच्या सरकारी बागेचा टेइसमान तर त्याचा उघड विरोधक. युंगहून हट्टाला पेटला. झाडे वाढू द्या, वयाबरोबर सत्त्व वाढेल, अशी त्याची बाजू. जोमदार वाढ आणि चांगले उत्पन्न यांत गफलत कोणाची होत नाही? बांधावर उभे राहून हिरवेगार पीक पाहिले की आपणही हुरळतो. पण सरकारी पैसा, हजारो मजुरांचे श्रम आणि डोंगरावरची ती अमोल माती नुसत्या सरपणासारख्या झाडावर खर्ची पडली, हे खरे आहे. शेवटी पहुडियानाची लागवड थांबवावी लागली.

आपल्या देशाचाही इथे संबंध येतो. इंग्रजांनी १८६० पासून निलगिरीवर सिंकोना लावला. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख अँडरसन जावाला गेला, युंगहूनच्या बागा पाहिल्या आणि रोपे घेऊन परतला. निलगिरीवर मॅकायव्हरने रान साफ करून उघड्यावर लावणी केली, ती चांगली साधली. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारने सिंकोन्याची बाग केली होती. ती फसली. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असते? डोंगर उंच, हवा गार, पाऊस भरपूर, एवढे पाहून झाड लागत नाही. तिथे जांभ्याची धुपलेली जमीन आणि चार महिन्यांचा कोसळता पाऊस, मग आठ महिने कोरडे. मलबार डोंगराची हलकी, ओल धरणारी राखमाती तिथे कुठून आणणार?

युंगहून शेवटची वर्षे बांडुंगच्या उत्तरेला लेंबांग इथे राहिला. समोर तांगकुबान पराहू. नावाचा अर्थ उलटी नाव. उपडी घातलेल्या होडीसारखाच तो डोंगर दिसतो आणि आजही धुमसतो. आतड्याच्या आजारातून यकृत बिघडले आणि २४ एप्रिल १८६४ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, युंगहून तिथेच वारला. शेवटच्या घटकेला त्याने खिडक्या उघडायला सांगितल्या, डोंगराचा निरोप घ्यायचा होता, अशी आठवण सांगतात.

त्याच्या जागी फान गोरकोम आला. त्याने रान मोकळे करून उघड्यावर लावणी सुरू केली. आणि डिसेंबर १८६५ मध्ये, युंगहून गेल्यावर वीस महिन्यांनी, नवे बी जावाला पोहोचले. मामानी नावाच्या बोलिव्हियातल्या आदिवासी माणसाने वर्षानुवर्षे हिंडून उत्तम झाडे हेरली होती. त्याचे बी लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने विकायला काढले आणि डचांनी त्यातले थोडे किरकोळ किमतीत घेतले. या जातीच्या सालीत कोयनेल दहा टक्क्यांच्या पुढे निघाले! जातीला नाव लेजरचे मिळाले. मामानीला पुढे त्याच कामात पकडून तुरुंगात घातले, मारहाण केली, आणि तो त्यातच मेला. लेजरची जात मुळाने नाजूक होती, म्हणून काटक जातीच्या खुंटावर तिचे कलम बांधू लागले. १९३० च्या दशकात जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त कोयनेल जावाच्या डोंगरातून येत होते. आपल्याकडे ब्रिटिश आमदानीत पोस्टात कोयनेलची पुडी मिळे, ती आठवणारी माणसे आता थोडी उरली. १९४२ मध्ये जपानने जावा घेतला, साल बंद झाली, आणि दोस्त राष्ट्रांना घाईने कृत्रिम औषधांकडे वळावे लागले. तिथून सिंकोन्याचा भाव उतरला.

रान मोकळे केल्यावर मातीचे काय झाले, हा प्रश्न उरतो. मळेवाल्यांना तो लवकरच कळला. हलकी माती, तीव्र उतार. पाल्याचे पांघरूण गेले की वरची माती उन्हात वाळते, भुकटी होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात हलक्या पिठासारखी वाहते. म्हणून त्यांनी उताराला आडव्या पायऱ्या बांधल्या, ओळींमध्ये शेंगवर्गीय झुडपे लावून त्यांचा पाला जमिनीवर पसरला, आणि जागोजाग आडवे खड्डे खणले. या खड्ड्यांना तिकडे रोराक म्हणतात. पाणी आणि गाळ त्यात थांबतो, वर्षाने गाळ उपसून पुन्हा झाडाला घालतात. आपल्याकडे डोंगरावर सलग समतल चर खणतात त्याच जातीचे हे काम. मळा मोठ्या मालकाचा होता तोवर हे होत राहिले. नंतर उतारांवर कोबी, बटाटा, टोमॅटो आला, वाफे काही ठिकाणी उताराच्याच दिशेने काढले जाऊ लागले, कारण बटाट्याला निचरा हवा आणि साचलेल्या पाण्याने रोग पडतो. शेतकऱ्याचे गणित चुकीचे नाही. पण त्या गणितात वरची काळी माती खाली जाते, आणि खाली आली की ती रानमाती राहत नाही.

या मातीचा दुसरा धोका जिवाचा आहे. चिमटीत निसरडी होते म्हटले ना, तेच अख्ख्या डोंगराचे होते. पाण्याने गच्च भरली आणि हादरा बसला की राखेचा थर खालच्या थरावरून सरकतो. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बांडुंगच्या दक्षिणेला एका चहामळ्याची वस्ती पावसात दरडीखाली गेली. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी चियांजूर भागात भूकंप झाला आणि गेडे डोंगराच्या उतारावरच्या वाड्या मातीखाली गेल्या. शेकडो माणसे दगावली. हास्कार्लने सिंकोना लावला ते चिबोदास याच जिल्ह्यात, याच डोंगरावर आहे. तिथले जुने रान मात्र राखीव आहे, आणि खालच्या भाताच्या खाचरांना पाणी त्याच डोंगरातून येते.

लेंबांगला युंगहूनच्या समाधीभोवती सरकारने एक छोटा तुकडा राखून ठेवला आहे. दगडी स्तंभ, आणि भोवती सिंकोन्याची जुनी झाडे. त्या झाडांखाली माती अजून काळी आहे, हलकी आहे, आणि पालापाचोळ्याने झाकलेली आहे. कुंपणाबाहेर लेंबांगची घरे आहेत आणि त्यापलीकडे कोबीचे वाफे.